टूलच्या वर्णनाची पारख : सिरसाळ्याच्या प्रश्नांवरून

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात 'एजंट' ही संज्ञा अशा प्रणालीसाठी वापरली जाते, जी प्रश्नाचे उत्तर केवळ लिहून देत नाही, तर ते मिळवण्यासाठी हवामान, बाजारभाव, हिशेब अशी कामे करणारी सॉफ्टवेअरची साधने, म्हणजेच टूल, स्वतः निवडून चालवते. टूलचा आतला कोड एजंटला सहसा दिसत नसल्यामुळे कोणते टूल केव्हा वापरावे आणि त्याला काय पुरवावे, हे तो प्रामुख्याने टूलसोबत दिलेल्या वर्णनावरून ठरवतो. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या मानकात टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला द्यायच्या माहितीचा आराखडा यांची सोय आहे. आराखडा पाळला गेला की नाही हे यंत्राला तपासता येते. वर्णन मात्र साध्या भाषेतला मजकूर असल्याने त्याचा कस एजंटच्या वागण्यातूनच लागतो.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी 'महाॲग्री-एआय धोरण २०२५-२९' मंजूर केल्यानंतर हा विषय महाराष्ट्रात केवळ संगणकतज्ज्ञांचा राहिलेला नाही. प्रस्तुत लेखकाने शेतीविषयक टूलच्या वर्णनांची पारख केली, तेव्हा प्रश्नसंच बीड जिल्ह्यातील परळी तालुक्यातल्या सिरसाळा परिसरातील कापूस-सोयाबीनच्या शेतकऱ्याच्या बोलण्याप्रमाणे बेतला होता. पद्धत अशी, की एजंटमागचे भाषा-मॉडेल आणि प्रश्न तेच ठेवायचे, बदलायचे फक्त वर्णन. आणि एकाच प्रश्नावर एजंटची निवड दरवेळी सारखीच असेल याचा भरवसा नसल्याने प्रत्येक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा.

सर्वांत बोलके उदाहरण क्षेत्राचे ठरले. सातबाऱ्यावर जमीन हेक्टर-आरमध्ये लिहिलेली असते, तर बोलण्यात एकर आणि गुंठे येतात. ४० गुंठ्यांचा एक एकर होतो आणि सुमारे अडीच एकरांचा एक हेक्टर. बियाण्याचा हिशेब करणाऱ्या टूलच्या वर्णनात केवळ 'क्षेत्र द्यावे' एवढेच लिहिले होते. 'तीन एकर वीस गुंठे सोयाबीन पेरायचं हाय, बी किती लागंल?' या प्रश्नावर एजंटने रकान्यात ३.२० हा आकडा भरला, आणि टूलने तो हेक्टर समजून जवळजवळ आठ एकरांचे बियाणे सांगितले. प्रत्यक्षात ते क्षेत्र साडेतीन एकर, म्हणजे सुमारे १.४२ हेक्टर होते. आराखड्याला संख्या हवी होती आणि ती मिळाली, त्यामुळे कुठेही त्रुटीचा संदेश आला नाही. 'क्षेत्र हेक्टरमध्ये द्यावे. एकर-गुंठ्यांत सांगितले असल्यास आधी रूपांतर करावे. एकक सांगितलेले नसल्यास विचारावे' एवढा मजकूर घातल्यावर तोच एजंट त्याच प्रश्नाला योग्य आकडा भरू लागला.

गावाच्या नावाचीही अशीच गत झाली. सिरसाळा बीड जिल्ह्यात आहे, तर शिरसाळा हे मारुतीच्या देवस्थानासाठी ओळखले जाणारे गाव जळगाव जिल्ह्यातील बोदवड तालुक्यात आहे. म्हणून हवामानाच्या टूलने गावासोबत तालुका व जिल्हाही मागितला पाहिजे, हे वर्णनातच सांगावे लागते. भावाच्या बाबतीत अडचण दोन टूलच्या सीमारेषेवर होती. 'कापसाला भाव काय?' असे विचारणाऱ्याला बहुधा त्या दिवशीचा बाजार समितीतला दर हवा असतो, परंतु हमीभावाच्या टूलचे वर्णनही 'पिकाचा भाव सांगते' असेच असल्याने एजंट कधी इकडे, कधी तिकडे वळत असे. हमीभाव केंद्र सरकार हंगामासाठी जाहीर करते आणि बाजारातला दर आवक-मागणीप्रमाणे रोज बदलतो, हा भेद दोन्ही वर्णनांत लिहिल्यावर, आणि कोणते टूल केव्हा वापरू नये हेही नोंदवल्यावर, निवड स्थिरावली.

यावरून पारखीचे निकष स्पष्ट होतात : योग्य टूल निवडले का, त्याला योग्य माहिती दिली का, अनेक टूल लागत असल्यास क्रम बरोबर होता का, आणि टूलची गरजच नसताना एजंट थांबला का. शेवटचा निकष वगळला तर प्रत्येक वेळी टूल वापरण्याचा आग्रह धरणारे वर्णनही उत्तम ठरते. एका टूलचे वर्णन सुधारल्याने दुसऱ्याकडे जाणारे प्रश्न त्याच्याकडे वळू शकतात, म्हणून दरवेळी संपूर्ण संच तपासावा लागतो. आणि वर्णन ठरावीक प्रश्नांपुरतेच घासूनपुसून तयार होऊ नये यासाठी काही प्रश्न लिहिणाऱ्यापासून बाजूला राखून ठेवावे लागतात. वर्णन लांबवत नेणे हाही उपाय नव्हे, कारण मॉडेलला एका वेळी वाचता येणाऱ्या मजकुराला मर्यादा असते.

तात्पर्य, टूलचे वर्णन हा सॉफ्टवेअरचाच भाग मानला पाहिजे, आणि ज्यांच्यासाठी टूल बनवले त्यांच्या बोलीतल्या प्रश्नांवर तपासल्याशिवाय ते वापरात आणू नये.