केपवाल्यांची पत्रे

खेड तालुक्यातल्या आमच्या गावात अजूनही दोन-तीन घरांना 'केपवाल्यांचे घर' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणातले मुसलमान तरुण जहाजाने दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला गेले, तिथे राबले, काहींनी छोटी दुकाने टाकली. बायका बहुधा गावीच राहिल्या. १९०६ च्या तिथल्या कायद्याप्रमाणे गावी यायचे तर आधी परवाना काढावा लागे आणि मुदतीत परतले नाही तर परतीचा हक्क संपे. म्हणून काहींचे येणे लांबत गेले, काहींचे राहूनच गेले.

आम्ही दोघे उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आठ वर्षे पैसे साठवून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिकडे निघालो, तेव्हा मोहल्ल्यात पहिला प्रश्न आला, "उमरा सोडून आफ्रिका?" उमऱ्याची नियत आहेच, एवढेच सांगून आम्ही गप्प बसलो. निघण्याच्या आदल्या रात्री केपवाल्यांच्या घरातल्या दादीने बोलावून एक पत्ता हातात दिला. तिचे आजोबा केपला गेले ते परत आलेच नाहीत. तिकडे त्यांनी दुसरा निकाह केला होता. "तिकडच्या आजीची नात त्या पत्त्यावर राहते. आमच्या दादीने धाडलेली पत्रे तिने ठेवलीत म्हणे. बघून या."

पहिला मुक्काम दरबानला. १८६० पासून उसाच्या मळ्यांसाठी इथे हिंदुस्थानी मजूर आणले गेले. १८९३ साली गांधीजी उतरले ते दादा अब्दुल्ला या मेमन व्यापाऱ्याच्या खटल्यासाठी. आम्हाला मात्र ओढ होती उमगेनी नदीकाठच्या दर्ग्याची. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले सूफीसाहेब १८९५ साली दरबानला आले आणि १९११ साली तिथेच त्यांची वफात झाली. इतक्या दूर आपल्या जिल्ह्याचा माणूस भेटला, असेच वाटले.

तिथून विमानाने पोर्ट एलिझाबेथ. २०२१ पासून त्याचे नाव गेबेर्हा आहे. खरा उच्चार करताना जिभेने टाळूवर 'टक्' असा आवाज काढावा लागतो. मुलांना उच्चार शिकवणारे आम्ही, शेवटपर्यंत तो आम्हाला जमला नाही.

मग समुद्राच्या कडेने पश्चिमेकडे मोटारीचा रस्ता. या भागाला गार्डन रूट म्हणतात. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला हिंद महासागर, मध्ये पिवळसर लाकडाच्या जुनाट वृक्षांचे दाट रान. ब्लाऊक्रान्सचा पूल दरीपासून २१६ मीटर उंच आहे. लोक पायाला दोर बांधून तिथून उड्या मारतात. आम्ही दुरूनच अल्लाची आठवण केली. स्टॉर्म्स नदीच्या मुखावर झुलता पूल आहे. खाली काळे पाणी, समोर खडकावर फुटणाऱ्या लाटा. नायस्नाला दोन कड्यांच्या मधून समुद्र आत शिरतो आणि खाडी होते. आपल्या दाभोळची आठवण येते, फक्त जांभा दगड आणि माड नाहीत.

मॉसेल बे गावात एक जुने झाड आहे. १४८८ साली बार्तोलोमेउ दियाश याच किनाऱ्याला लागला होता. पुढच्या पोर्तुगीज खलाशांपैकी कुणीतरी झाडाला टांगलेल्या जोड्यात पत्र ठेवले आणि मागून आलेल्यांनी ते उचलले, असे सांगतात. आता तिथे बुटाच्या आकाराची टपालपेटी आहे. आम्ही दादीच्या नावाने एक कार्ड टाकले.

केप टाऊनला पोहोचलो तेव्हा टेबल माउंटनवर ढगाची पांढरी चादर होती. डोंगरउतारावर बो-काप हा रंगीत घरांचा मुसलमान मोहल्ला. तिथली अव्वल मशीद १७९४ ची. पहिले इमाम तुआन गुरू हे तिदोर बेटाचे शहजादे. डचांनी त्यांना १७८० साली कैदी म्हणून इथे आणले आणि कैदेत त्यांनी केवळ स्मरणाने कुरआन लिहून काढला. आमचे पाय आणखी एका गोष्टीशी थबकले. आफ्रिकान्स ही गोऱ्या बोअरांची भाषा समजली जाते, पण इथल्या मदरशांत ती अरबी लिपीत लिहिली जाई. अबू बक्र एफेंदी या उस्मानी विद्वानाने त्या लिपीत लिहिलेले दीनी पुस्तक १८७७ साली इस्तंबूलला छापले गेले. शाळेबाहेर आम्हाला नेहमी शाबासकी मिळते, "तुमचे मराठी किती छान हो!" बो-कापच्या उतारावर ती शाबासकी आठवून आम्ही दोघेही हसलो.

पत्त्यावरच्या बाई पंचाहत्तरीच्या. तिथे सगळे आंटी म्हणतात, आम्ही खाला म्हटले. त्यांचे घर डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीत होते. १९६६ साली सरकारने ती वस्ती गोऱ्यांसाठी राखीव ठरवली आणि पुढे साठ हजारांहून अधिक माणसे हलवली. घर सोडताना आईने भांड्यांच्या आधी बिस्किटांचा एक डबा उचलला, असे खालांनी सांगितले. तो डबा त्यांनी पुढ्यात ठेवला. आत अकरा पत्रे. मौलवींना दाखवली, तर ते म्हणाले, अक्षरे उर्दूची आहेत पण भाषा कळत नाही. भाषा कोकणी होती. गावात कुणाकडून तरी लिहवून घेतलेली.

आम्ही वाचू लागलो. एकाने वाचायचे, दुसऱ्याने मोडक्या इंग्रजीत सांगायचे. पावसाआधी कौले बदलायची आहेत. म्हशीला पारडी झाली. मुलाने कायदा संपवला, आता सिपारा धरलाय. परवाना मिळाला का? हा प्रश्न प्रत्येक पत्रात. नवव्या पत्रात मात्र तो नव्हता. वाचणारा थांबला. आम्ही एकमेकांकडे पाहिले. सांगावे की वगळावे?

"काय लिहिलंय?" खालांनी विचारले.

आम्ही सांगितले. "तुम्ही तिकडे निकाह केल्याचे कळले. ती आजारात तुमचे करते, असेही कळले. तिला माझा सलाम सांगा. पैसे पाठवायचे थांबवू नका."

खाला बराच वेळ बोलल्या नाहीत. "माझ्या आजीला हे कुणी वाचून दाखवलंच नाही," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, इंग्रजी नको, तिने लिहिलंय तसंच वाचा. आम्ही कोकणीत वाचले. त्यांना त्यातले 'सलाम' आणि 'पैसे' एवढेच कळले असावे. त्यांनी ते पुन्हा वाचायला सांगितले.