ऑफ तास आणि सर्व्हर डाऊन

मंडळी, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" हे वाक्य आता आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की ऐकणारा वादही घालत नाही. घाटाखालच्या गावाहून एस.टी.नं बुलढाण्याला आलेला माणूस मुकाट परत फिरतो. तिकिटाचे पैसे गेले, दिवसाची मजुरी गेली. त्याची नोंद कुठल्याच संगणकात होत नाही.

आमचे चिरंजीव पुण्यात याच क्षेत्रात आहेत. ते म्हणतात, "बाबा, यंत्र कधी ना कधी बंद पडणारच. माणसाचं काम बंद पडायला नको." म्हणून एकाच कामाला दोन-तीन यंत्रं ठेवतात, शक्यतो वेगवेगळ्या गावी, आणि त्यांच्यापुढे एक वाटाड्या. त्याला लोड बॅलन्सर म्हणतात. आलेलं प्रत्येक काम तो चालू यंत्राकडे धाडतो.

मला आमचे पर्यवेक्षक आठवले. गणिताचे सर रजेवर दिसले, की आठवी ब वर लगेच दुसरे सर जायचे. ऑफ तास नाही! (मुलं हिरमुसायची, तो भाग वेगळा.)

हा वाटाड्याही दर काही सेकंदांनी यंत्रांची हजेरी घेतो. पण नुसतं "हजर" म्हणून भागत नाही. मागच्या बाकावर पेंगणाराही हजर म्हणतोच की! म्हणून तो एखादं छोटं काम सांगून बघतो. जमलं नाही, तर त्या यंत्राकडे काम पाठवणं बंद. शिवाय बदली सरांना धडा कुठवर आलाय ते ठाऊक हवं. म्हणजे एका यंत्रावरची नोंद दुसऱ्यावर लगोलग उतरायला हवी. हिशेब पैशांचा असेल तर हेच सर्वांत अवघड.

आणि नुसतं दुसरं केंद्र असून चालत नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे, व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. दूरसंचार जोडण्या दोन कंपन्यांच्या होत्या, दोन्हींत बिघाड झाला. चेन्नईला पर्यायी केंद्र होतं, तरी कारभार तिकडे हलला नाही. का हलला नाही, असं सेबीनंही विचारलं. पुढे २ मार्च २०२४ ला, शनिवारी, बाजार मुद्दाम उघडून थोडा वेळ पर्यायी केंद्रावरून खरे व्यवहार करून पाहिले. ही तालीम मला फार आवडली.

राजूर घाट बंद झाला तर खामगावकडून बोथ्याच्या रस्त्यानं बुलढाणा गाठता येतं, हे आपल्याकडच्या ड्रायव्हरला सांगावं लागत नाही. कारण तो त्या रस्त्यानं गाडी घेऊन गेलेला असतो. नुसत्या नकाशावरची वाट अडचणीच्या वेळी सापडत नाही.

असो. तुमच्या घरातही कुणी या धंद्यात असेल, तर एवढंच विचारा : दुसऱ्या वाटेनं शेवटचं कधी गेला होतास?