सासूबाईंचं माहेर आणि धारूरचा किल्ला

मैत्रिणींनो, आपण सुट्टी काढून लांबलांबचे किल्ले बघून येतो, पण आपल्या बीड जिल्ह्यातला धारूरचा किल्ला राहूनच जातो. आमचंही तेच झालं. त्यात धारूर म्हणजे माझ्या सासूबाईंचं माहेर. लग्नाला बावीस वर्षं झाली, दर वर्षी मी म्हणायचे, “पुढच्या दिवाळीत नक्की जाऊ.” गेल्या वर्षी त्यांच्या भाच्यांनी तिथलं घर विकलं. तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “आता कशाला जायचं?” ते मला फार लागलं.

म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी निघालोच. डब्यात दशम्या, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, शिवाय गाळलेलं पाणी. वडवणी, तेलगाव करत धारूरचा घाट चढलो.

किल्ला डोंगराच्या सोंडेवर आहे. कडेला खोल दऱ्या आणि गावाच्या बाजूला खंदक. आदिलशाहीतल्या किश्वरखानाने तो १५६७च्या सुमारास बांधला. दोनच वर्षांत निजामशहाने तो घेतला आणि त्या लढाईत किश्वरखान मारला गेला. १६३१ मध्ये, दख्खनमध्ये मोठा दुष्काळ असताना, मोगलांनी तो जिंकला. पुढे गावाचं नाव फतेहाबाद ठेवलं, पण लोकांच्या तोंडी धारूरच राहिलं.

सासूबाईंचं सारं बालपण या तटाखाली गेलं, पण त्या आत कधीच गेल्या नव्हत्या. पोरींनी तिकडे जायचं नाही, असा घरचा दंडक होता. सत्तरी ओलांडल्यावर, माझ्या लेकीचा हात धरून, त्या पहिल्यांदा दरवाजातून आत आल्या. बुरूज, पडके वाडे यांच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. तटाजवळ उभं राहून त्या गावात काहीतरी शोधत होत्या.

“त्या स्लॅबच्या जागी आमचं माळवद होतं,” त्या म्हणाल्या. “उन्हाळ्यात पापड राखत बसायचो, तेव्हा समोर हाच तट दिसायचा. वाटायचं, इथून काय दिसत असेल?”

“आजी, घरापाशी जाऊन येऊ का?” लेकीने विचारलं.

“नको गं. लोकांच्या दारात कशाला उभं राहायचं? दिसलं ना.”

त्यानंतर मात्र त्या मोकळ्या झाल्या. अंबाजोगाईला योगेश्वरीचं देऊळ पाहिलं, मग दगडात कोरलेले प्रचंड हत्ती. तिथल्या दासोपंतांनी अंगावर पांघरायच्या पासोडीवर ग्रंथ लिहिला. चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद! हे ऐकून सासूबाई हसल्या, “एवढी धुवायची कोणी?” किती दिवसांनी त्यांना असं हसताना पाहिलं!

सूर्यास्ताच्या आत एका झाडाखाली डबा सोडला. एरवी एक दशमीही जड जाते म्हणणाऱ्या सासूबाईंनी त्या दिवशी दोन खाल्ल्या. ह्यांनी विचारलं, “आई, जाताना पुन्हा धारूरवरून जाऊ या का?”

“नको, केजवरून चल. अंधार पडेल. माझं बघून झालं.”

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात कुणाचं तरी माहेर असंच राहून गेलं असेल. पुढच्या दिवाळीची वाट बघू नका. माझी बावीस वर्षं गेली, आणि रस्ता होता जेमतेम अर्ध्या दिवसाचा.