मामांची जागा

‘तोल सांभाळणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ वर्गात मी आजवर शेकडो वेळा सांगितला असेल. पण मला स्वतःला तो कळला गेल्या मे महिन्यात, रेवदंड्याला, आणि तोही गुडघाभर पाण्यात उभे राहून!

मामांची होडी जुनी. त्यांच्या तरुणपणी शिडासाठी बांधलेली, पाठीमागे अरुंद. पुढे तिच्या पाठीला एक हलके टू-स्ट्रोक यंत्र लागले आणि कुंडलिकेच्या खाडीत वर्षानुवर्षे इमानाने फटफटले. ते थकले, तेव्हा आम्ही भाचेमंडळींनी वर्गणी काढून होडीचा जीर्णोद्धार आरंभला. कुजक्या फळ्या बदलल्या, फटींत कापूस ठोकून कलाफती केली आणि तेवढ्याच अश्वशक्तीचे नवे फोर-स्ट्रोक यंत्र बसवले. धूर गेला, पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याची कटकट गेली. नवे यंत्र जुन्यापेक्षा चांगले वीस किलोंनी जड आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही. त्यासाठी लागणारी बॅटरी सोयीची म्हणून मागे, पेट्रोलची टाकीही मागे. यंत्राचा दांडा मामेभावाच्या हाती. आणि त्याच्या शेजारी, आपल्या पन्नास वर्षांच्या जागेवर, मामा!

यंत्र सुरू झाले मात्र, होडीची नाळ बुजलेल्या घोड्यासारखी वर उठली, पाठ खाली बसली आणि मागून पाणी आत येऊ लागले. किनारा जवळ होता म्हणून निभावले.

शेजारचे तांडेल हसत हसत पाण्यात उतरले. “सर, मध्ये ठेवलेलं ओझं होडीला कळतसुद्धा नाही. टोकाला ठेवलेलं बोचतं.” त्यांनी बॅटरी आणि टाकी मध्याच्या पुढे नेली, नांगर-दोरखंड नाळेत टाकला, यंत्राच्या दांड्याला लांब नळी जोडून मामेभावाला मधल्या फळीवर बसवले. रिकाम्या गलबतात तोलासाठी दगड भरत, त्या वजनाला ‘नीरम’ म्हणतात, ही आमची विद्वत्ता मी तेवढ्यात पाजळून घेतली.

“अजून दोन बोटं पाठ खाली आहे,” तांडेल म्हणाले आणि मामांकडे न पाहता समुद्राकडे पाहू लागले.

बोलायचे कोणी? पण या किनाऱ्यावर अशा बाबतीत भीड चालत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोट कलली तशी घाबरलेली माणसे एका अंगाला धावली, ही हकीकत इथल्या घराघरांत अजून सांगतात.

शेवटी थोरला भाचा म्हणून मीच म्हणालो, “मामा, तुम्ही जरा पुढे बसता?”

मामा क्षणभर गप्प राहिले. “म्हणजे मी आता तुमचा नीरम!” सगळे हसले, मामा हसले नाहीत. धोतर सावरीत ते नाळेपाशी जाऊन बसले.

होडी आता सरळ, समतोल निघाली. खाडीच्या तोंडाशी मामांनी एकाएकी डावा हात वर केला. “डावीकडे घे! वाळू सरकलीय इथली.” मामेभावाने दांडा वळवला, उजवीकडे हातभर अंतरावर गढूळ उंचवटा दिसला. मागे बसून तो कोणाला दिसला असता?

घरातही असेच होत असावे. नवा भार येतो तेव्हा वडीलधाऱ्यांना आपण एक तर जुन्या जागी धरून ठेवतो, नाही तर काठावर उतरवून देतो. त्यांना नुसते चार हात सरकवावे, हे सुचत नाही.

परतल्यावर मामांना हात देऊन उतरवताना मी ओशाळून म्हणालो, “मामा, राग नाही ना आला?”

“आला होता,” ते म्हणाले. “पण पुढून खाडी चांगली दिसते रे! पन्नास वर्षं मी नुसत्या तुमच्या पाठी बघत होतो.”