लावून बघितल्याशिवाय

पुण्यात लाखाचा फोन दुकानात हातात घेता येतो. चार फोटो काढायचे, ‘बघते’ म्हणायचं आणि बाहेर पडायचं. कुणाला काही वाटत नाही. पंधरा हजारांची दुर्बीण मात्र अशी हाताळायला मिळणं कठीण. आईसाठी एक घ्यायची म्हणून मी तीन शनिवार कॅमेऱ्याची दुकानं पालथी घातली. दोन ठिकाणी ‘ऑर्डर दिलीत तर मागवू’. तिसरीकडे कपाटात होती फक्त खिशात मावणारी ८×२१. मला हवी होती ८×४२.

पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर, ८×२१ मध्ये जेमतेम २.६. भर उन्हात फरक जाणवत नाही, कारण तेव्हा बाहुलीच लहान झालेली असते. पण पक्षी बघायचे ते पहाटे, आणि तेव्हा लहान दुर्बिणीत पक्ष्याचा रंग हरवून नुसती आकृती उरते.

इथवर सगळं ऑनलाइन वाचता येतं. स्पेसिफिकेशनचा तक्ता समोर असला की आम्हा इंजिनिअर लोकांना सगळं ठरवता येईल असं वाटतं. पण त्या तक्त्यात बघणाऱ्याचे डोळे नसतात. आईला चष्मा आहे. चष्म्यामुळे डोळा भिंगापासून लांब राहतो. तेवढ्या अंतरावरून पूर्ण चित्र दिसायला साधारण पंधरा मिलिमीटर किंवा जास्त ‘आय रिलीफ’ लागतो. तो कमी पडला की कडा कापल्या जातात. शिवाय दोन डोळ्यांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं. हे लावून बघितल्यावरच कळतं.

भिगवणला होडीत कुणीतरी आईच्या हातात दुर्बीण दिली होती. सगळे रोहित बघत होते. तिने दोन मिनिटं खटपट केली आणि परत दिली. ‘मला नाही दिसत, तुम्ही बघा.’ नंतर कुठेही गेलो की ती हेच म्हणायची. दोष आपल्या डोळ्यांत आहे, हे तिने मान्य करून टाकलं होतं. मला दुकान हवं होतं ते यासाठी.

शेवटी दुकानाचं काम पाषाण तलावावर भेटलेल्या एका अनोळखी काकांनी केलं. त्यांनी आपली ८×४२ काढली, डोळ्यांकडची रबरी कडी खाली फिरवली, दोन्ही नळ्या आईच्या डोळ्यांच्या अंतराला जुळवल्या. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने फोकस करायला लावला, मग डावा मिटून उजवीकडची रिंग फिरवायला लावली. समोर फांदीवर खंड्या होता.

‘अगं, याची चोच लालभडक आहे!’

त्याच रात्री तेच मॉडेल मी ऑनलाइन मागवलं. म्हणजे माल मिळतो, नीट पॅक होऊन घरी येतो. मिळत नाही ती लावून बघण्याची जागा. मागणी नाही म्हणून दुकानदार ठेवत नाही, आणि कधी लावूनच बघितली नाही म्हणून कुणी मागत नाही. काउंटरवर साखळीला बांधलेला एक नमुना आणि समोरच्या रस्त्यावरची एखादी पाटी, एवढंही पुरेल. तोवर हे काका भेटण्यावर अवलंबून.

हल्ली तलावावर कुणी नवीन दिसलं की आई गळ्यातली दुर्बीण काढते आणि आधी विचारते, ‘चष्मा आहे का तुम्हाला?’