न पाहिलेला नट

नटावर प्रेम जडावयाचे तर तो आधी दृष्टीस पडावा लागतो, असा आपला सर्वसाधारण समज आहे. त्याची चाल, त्याचे डोळे, त्याची वस्त्रे यांवर रसिक लुब्ध होतात आणि मग त्याच्या आवाजाकडे वळतात, असे आपण धरून चालतो. परंतु आमच्या आईवडिलांच्या पिढीने हा समज खोटा ठरविला. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालेतील बाळ कुडतरकर यांचे पंत, नीलम प्रभू यांच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशी यांचे टेकाडे भावोजी ही तीन माणसे महाराष्ट्रातील कितीतरी घरांतली माणसे होऊन बसली होती, आणि त्या घरांपैकी बहुतेकांनी त्यांचा चेहरा कधीही पाहिलेला नव्हता. मीनावहिनी उंच की ठेंगण्या, टेकाडे भावोजींना मिशा आहेत की नाहीत, यावर चाळीच्या सज्जात वाद रंगत. प्रत्येकाची मीनावहिनी वेगळी आणि तरीही प्रत्येकाला ती ओळखीची! नीलम प्रभू पुढे संगीतकार यशवंत देव यांच्या पत्नी झाल्या आणि करुणा देव या नावाने वावरल्या. पण जुन्या श्रोत्यांच्या तोंडी त्यांचे नाव राहिले ते मीनावहिनी हेच.

रेडिओला तेव्हा परवाना लागे, टपाल कचेरीत त्याचे शुल्क भरावे लागे. त्यामुळे एका आळीत एखादाच संच असावयाचा आणि त्याच्याभोवती दहा-पंधरा कान जमावयाचे. पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १ एप्रिल १९५५ पासून त्याच केंद्रावरून गदिमांचे आणि सुधीर फडक्यांचे ‘गीतरामायण’ आठवड्यामागून आठवडे प्रसारित झाले आणि छप्पन्न गीतांनी एक अख्खे महाकाव्य डोळ्यांच्या मदतीवाचून उभे केले. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक याच केंद्रात वर्षानुवर्षे नोकरीला होता. मराठी चित्रपटांतून पोलीस अधिकारी आणि गावचे पाटील रंगविणारे जयराम कुलकर्णीही पूर्वी येथेच काम करीत. अशा माणसांच्या सहवासात पुण्याच्या नभोनाट्याची घडण झाली.

रंगभूमीवरील नाटक किंवा छापील कादंबरी नभोवाणीवर आणणे हे काम वाटते तितके सोपे नाही. तीन तासांचे नाटक तासाभरात बसवावे लागते. रंगमंचावर नट नुसता दाराकडे पाहतो आणि प्रेक्षकांना कळते की कोणीतरी आले आहे. येथे मात्र ती नजर पावलांच्या आवाजात, कडीच्या खटक्यात किंवा दुसऱ्या पात्राच्या संबोधनात उतरवावी लागते. दोन पात्रांचे आवाज सारखे असतील तर श्रोता गोंधळतो, म्हणून भूमिका वाटताना चेहऱ्याआधी कंठ पाहतात. नारळाच्या करवंट्या आपटून घोडा दौडतो, चुरगाळलेल्या चकचकीत कागदातून विस्तव तडतडतो. नट ध्वनिक्षेपकापासून दोन पावले मागे सरला की तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातो; अगदी जवळ येऊन कुजबुजला की तो स्वतःच्या मनात बोलू लागतो. इतके करून उरते ते सारे श्रोत्याच्या स्वाधीन. इंग्लंडात रिचर्ड ह्यूज यांनी जानेवारी १९२४ मध्ये केवळ नभोवाणीसाठी म्हणून जे पहिले नाटक लिहिले, त्याचा प्रसंगच मुळी कोळशाच्या खाणीत, दिवे गेलेल्या अंधारात घडतो. पात्रांना दिसत नाही आणि श्रोत्यालाही दिसत नाही. दोघांची स्थिती एकच. हे नवे माध्यम त्यांना पहिल्याच पावलाला किती अचूक उमगले होते!

नटाच्या चाहत्याची खरी परीक्षा मात्र वेगळीच असते. मूळ कृती त्याने वाचलेली असते, पात्राचा आवाज त्याच्या मनात आधीच ठरलेला असतो, आणि नभोरूपांतर त्या मनातल्या आवाजाशी स्पर्धा करू पाहते. याचे मोठे उदाहरण आमच्या वाचनात सेमिनरीच्या काळात आले. डोरोथी सेयर्स या लेखिकेने प्रभू येशूच्या जीवनावर ‘द मॅन बॉर्न टू बी किंग’ ही बारा नाटकांची माला बीबीसीसाठी लिहिली. डिसेंबर १९४१ पासून ती प्रसारित होऊ लागली, आणि ख्रिस्ताची भूमिका रॉबर्ट स्पेट या नटाने केली. त्या काळी इंग्लंडच्या रंगभूमीवर ख्रिस्ताची भूमिका करण्यास अधिकृत परवानगी मिळत नसे. एक नट, तोही रोजच्या बोलीत, प्रभूच्या मुखाने बोलणार हे कळताच प्रक्षेपणापूर्वीच गदारोळ उठला आणि नाटके मागे घेण्याची मागणी झाली. ती मानली गेली नाही. बाराही भाग श्रोत्यांपर्यंत पोहोचले. विरोध करणाऱ्यांचे भय आम्हांस समजू शकते. ज्याला आपण मनात ऐकत आलो, त्याला परक्याच्या कंठातून ऐकणे ही लहान गोष्ट नव्हे. पण नट चांगला असेल तर तो आपल्या मनातला आवाज पुसून टाकीत नाही. त्याच्या शेजारी आपला आवाज आणून ठेवतो.

हा सारा विचार आमच्या मनात पुन्हा जागा होण्यास रहाटणी कारण झाली. पवनेच्या अलीकडे पिंपरीचे कारखाने आणि पलीकडे शेते, अशी या गावाची पूर्वीची ओळख. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स उभी राहिली, मागून इतर कारखाने आले, आणि नगर जिल्ह्यातून, मराठवाड्यातून माणसे कामाच्या शोधात या पट्ट्यात उतरली. आमच्या श्रद्धावंतांपैकी कित्येकांचे आजोबा त्यांतलेच. आज येथे शेताच्या जागी उंच इमारती आहेत आणि त्यांच्या वाहनतळाच्या कडेला बाकांवर बसणारे पुष्कळसे वृद्ध हे निवृत्त कामगार आहेत. त्यांतील पाच-सहाजण एका घरी जमून नभोनाट्य ऐकतात. पूर्वी संचावर ऐकत, आता नातवंडे भ्रमणध्वनीवर आकाशवाणी लावून देतात. आम्हांलाही अधूनमधून बोलावणे येते.

त्या मंडळींत एक काका आहेत. एकतीस वर्षे त्यांनी घणकाम चालणाऱ्या विभागात काढली; कारखान्याचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांचा एक आवडता नट आहे. त्याचेही नाव आम्ही लिहीत नाही. प्रत्येक वाचकाने तेथे आपल्या आवडत्या नटाचे नाव घालावे. या नटाचे एक गाजलेले नाटक काकांनी तरुणपणी बालगंधर्व रंगमंदिरात दोनदा पाहिले होते. त्याचेच नभोरूपांतर लागणार म्हणून त्या दिवशी ते सर्वांआधी येऊन बसले. पहिला प्रवेश संपला तेव्हा सर्वजण वाहवा करीत होते आणि काका खाली पाहत होते. मग ते हळूच म्हणाले, “फादर, आवाज येतो, शब्द येत नाहीत.”

हे वाक्य आम्ही विसरू शकलेलो नाही. मोठा गोंगाट वर्षानुवर्षे कानांवर आदळत राहिला की अंतःकर्णातील सूक्ष्म केशपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे ध्वनी. स्वर जाड असतात, ते टिकतात. स, श, फ, ठ अशी हलकी व्यंजने नाहीशी होतात. मग ‘साठ’, ‘काठ’ आणि ‘पाठ’ हे तिन्ही शब्द एकच होऊन जातात. स्त्रियांचे आणि लहान मुलांचे बोलणे त्याहून अवघड. म्हणूनच संचाचा आवाज वाढवून उपयोग होत नाही. अस्पष्ट तेच अधिक मोठ्याने ऐकू येते. काकांच्या नोकरीच्या काळात लागू असलेल्या कारखानेविषयक नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा होती, आणि गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश कायद्याने नोंदवावयाच्या व्यावसायिक रोगांत होता. कागदावर सारे होते. कानांत घालावयाची बुचेही एका पेटीत ठेवलेली असत; पण ती घातली तर शेजाऱ्याची हाक ऐकू येत नाही, घाण्यावरचा वेग मंदावतो, आणि मुकादम रागावतो. म्हणून पेटी बंदच राही.

त्या संध्याकाळी पुढे जे झाले ते सांगण्यासारखे आहे. काकू उठून काकांच्या जवळ बसल्या. त्यांच्या कानात काही ओरडल्या नाहीत. प्रवेश सुरू होण्याआधी, “आता तो मुलीच्या घरी येतो, आणि ती दार उघडत नाही,” एवढेच त्या स्वच्छ आणि सावकाश बोलल्या. काकांनी डोळे मिटले. नाटक त्यांना मुळात ठाऊक होते. प्रसंग कळताच गळालेली व्यंजने त्यांच्या स्मरणाने आपोआप भरून काढली. एके ठिकाणी तो नट थांबला. शब्द नव्हताच, फक्त श्वास होता. खोलीत शांतता होती, आणि काकाच पहिल्यांदा म्हणाले, “हां! हेच. बालगंधर्वलाही तो येथेच थांबला होता.” बाकीच्यांच्या लक्षात तो विराम आलाही नव्हता. ज्यांना सारे शब्द ऐकू आले होते त्यांच्याहून अधिक काहीतरी ज्याचे शब्द हरवले होते त्याने ऐकले.

आम्ही याला चमत्कार म्हणणार नाही, आणि त्यावरून बहिरेपण हे वरदान आहे असा भलता बोधही काढणार नाही. काकांचे जे गेले ते गेले. नातवाचे बोबडे बोल त्यांना कळत नाहीत, आणि त्याला स्मरणाची मदत मिळत नाही, कारण ते बोल नवे आहेत. आवडत्या नटाचा विराम त्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच्या शिदोरीतून मिळविला. नव्या शब्दासाठी मात्र कानच हवा.

म्हणून आमच्या तरुण वाचकांना, विशेषतः चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या मुलांना, आमचे सांगणे आहे. कानातील बुचांची पेटी उघडा. वर्षातून एकदा श्रवणतपासणी करून घ्या आणि तिचा कागद जपून ठेवा. शेजारी उभा असलेला माणूस हातभर अंतरावरून बोलत असता तुम्हांला कळत नसेल, तर तो गोंगाट धोक्याचा आहे असे समजा. ज्यांच्या घरी असे काका आहेत त्यांनी ओरडू नये. समोर बसावे, सावकाश बोलावे, आणि विषय आधी सांगावा. श्रवणयंत्र घ्यावयाचे तर तपासणी करून, कानाला जुळवून घ्यावे; दुकानातून उचललेले यंत्र बहुधा कपाटातच पडून राहते.

बाळ कुडतरकर २०१८ साली निवर्तले. ते युग संपले असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले आणि ते खरेच आहे. तथापि श्रोता शिल्लक आहे तोवर नट पूर्णपणे जात नाही, असा आमचा अनुभव आहे. रहाटणीच्या त्या घरी आता एक नियम पडला आहे. नाटकाच्या आधी दहा मिनिटे काकू कथानक सांगतात, आणि ते ऐकण्यास आता शेजारच्या इमारतीतील दोन वृद्धाही येऊ लागल्या आहेत, ज्यांची श्रवणशक्ती शाबूत आहे. त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “नाटक तर छानच असते, फादर, पण काकू सांगतात तेही ऐकावेसे वाटते.” काकूंनी पदर सावरला आणि पुढच्या रविवारी कोणते नाटक आहे ते पाहून ठेवण्यास नातवाला सांगितले.