तपासणाऱ्यासाठी चार ओळी

ॲप स्टोअरकडे पाठवताना सोबत तपासणाऱ्यासाठी जी नोट जोडायची, ती आमच्या टीममध्ये मीच लिहायचो. कोडला कुणीही हात लावावा, नोटेला लावायचा नाही, असा दंडकच होता. परवा मी रजेवर असताना नव्याने लागलेल्या मुलीने ती लिहून टाकली. तीन ओळी. ॲप दुसऱ्या दिवशी पास.

मी दीड पान लिहितो. कारण आमचं ॲप दूध संकलन केंद्राचं. काटा आणि फॅट मशिन जोडलं तर आकडे उमटतात, नाहीतर स्क्रीन कोरी. तपासणारा कुठे बसलाय देव जाणे. त्याच्यासमोर ना काटा, ना म्हैस. आपल्या नंबरवरचा ओटीपी त्याला मिळणार नाही, म्हणून ठरावीक नंबर, ठरावीक ओटीपी. डेमोत गाय 3.5 फॅट, 8.5 एसएनएफ, म्हैस 6 आणि 9. इथवर कुणालाही जमतं. अडतं ते सभासदावर. आमच्यात कुणी आपणहून खातं उघडू शकत नाही, संस्थेच्या सचिवाने नोंद केली तरच उघडतं. हे वाचून तपासणारा म्हणतो, मग हे एका कंपनीपुरतं ॲप झालं. नाही हो, गावोगावच्या वेगवेगळ्या संस्था आहेत, प्रत्येकीचा चेअरमन वेगळा, दहा दिवसांचं बिल वेगळं! थोडक्यात सांगितलं तर त्याला कळत नाही, सविस्तर सांगितलं तर तो वाचत नाही. या दोन्हींच्या मधली जागा मी वर्षानुवर्षं शोधतोय.

पहिल्या फेरीत पास झालेल्या ॲपची यादी मी जपून ठेवलीय आणि संधी मिळाली की दाखवतो. कुणी रात्री फोन करून "दादा, नोट जरा नजरेखालून घाला ना" म्हणालं, की आधी आढेवेढे घेतो. ते आढेवेढे मला फार आवडतात.

हल्ली मात्र फोन कमी झालेत. मंजुरीची हमी देणारे निघालेत ना! गूगल प्लेवर नव्या वैयक्तिक खात्याला आधी 20 आणि आता 12 परीक्षक सलग 14 दिवस दाखवावे लागतात, तर हे लोक परीक्षकही भाड्याने पुरवतात. ते ॲप उघडतात आणि मिटतात. नियम केला भामट्यांना आवरायला, धंदा मिळाला भामट्यांना.

ॲपलचं स्टोअर जुलै 2008 मध्ये उघडलं. तपासणीचे नियम लेखी मिळाले सप्टेंबर 2010 मध्ये. मधल्या काळात मार्क फिओरे या व्यंगचित्रकाराचं ॲप, सार्वजनिक व्यक्तींची टिंगल करतं म्हणून नाकारलं गेलं. एप्रिल 2010 मध्ये त्यांना पुलित्झर मिळालं, मग ॲपही आत गेलं. 2020 मध्ये 'हे' या ईमेल ॲपवरून बोभाटा झाला आणि त्याच महिन्यात ॲपलने जाहीर केलं की साध्या दुरुस्त्या अडवून धरणार नाही, नियमालाच आव्हान देता येईल. चांगलं झालं. पण दूध संस्थेला पुलित्झर कोण देणार?

त्या मुलीने मला विचारलं, "सर, तुमची दीड पानं पास झाली ती नेमकी कशामुळे?" मला सांगता आलं नाही. तिच्या तीन ओळी का चालल्या, तेही सांगता आलं नाही. नकारासोबत निदान कलमाचा आकडा येतो. होकारासोबत काहीच येत नाही. वर पुढच्या खेपेला तपासणारा दुसराच. इतक्या वर्षांत माझ्याजवळ साठलं ते कसब की नुसते अंदाज, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि अंदाज शिकवायचे कसे?

तपासणी जलद करा अशी माझी मागणी नाही. ती पुरेशी जलद आहे. निकाल छापा. न्यायालयं छापतात, वकील त्यावरच शिकतात. ॲपचं नाव झाका, कंपनीचं झाका, पण कोणत्या कलमाचा कोणत्या स्क्रीनवर काय अर्थ लावला आणि अपिलात तो टिकला का, एवढं तरी आमच्यासमोर ठेवा.